येसू परटिणीचा ठोंब

फार वर्षं झाली. कुसरवाडीच्या ओढ्याला तेव्हा उन्हाळ्यातही पाणी असायचं. काठावर येसू परटीण धुणं धुवायची. तिच्या दगडाशेजारी गवती चहाचा एकच ठोंब होता. पंचक्रोशीत दुसरा नव्हता, असं म्हणतात.

कुणाला ताप आला की येसू पाती कापायची. मुळापासून चार बोटं सोडून, कधी कमी नाही. पात्यांची गाठ मारायची, उकळत्या पाण्यात सोडायची, आलं ठेचून टाकायची आणि वर झाकण ठेवायची. ते झाकण ती कुणाला उचलू देत नसे. "वाफ गेली की औषध गेलं," म्हणायची. मग काढा गरम गरम पाजून माणसाला घोंगडीत गुंडाळायची. घाम फुटला की माणूस उठून भाकरी मागायचा.

एका श्रावणात गावभर ताप पसरला. तुळाजी पाटलाची लेक चिमाही अंथरुणाला खिळली. पाटील दोन गडी आणि कुदळ घेऊन ओढ्यावर आला.

"पाटील, पाती न्या. मूळ राहू द्या," येसू म्हणाली. "उद्या दुसऱ्याचं लेकरू तापलं, तर काय तुमच्या मिशा उकळू?"

"माझ्या लेकीपुढं मला गाव सांगू नकोस," पाटील म्हणाला. ठोंब मुळासकट निघाला.

घरी मुळं ठेचली, उघड्या पातेल्यात उकळली. वास साऱ्या आळीला गेला, पातेल्यात नुसतं कडू पाणी उरलं. चिमाचा ताप हटेना.

तोवर येसूही तापली होती. स्वतःसाठी ठेवलेली एक वाळकी जुडी तिच्याजवळ होती. ती घेऊन, भिंती धरत धरत, ती पाटलाच्या दारी गेली. "झाकण आणा," एवढंच म्हणाली.

चिमाला घाम फुटला. ती वाचली. येसू तिसऱ्या दिवशी गेली.

पुढच्या पावसाळ्यात नवल झालं. ओलं धुणं डोक्यावर घेऊन येसू ज्या वाटेनं जायची, त्या वाटेवर जिथं जिथं पाणी ठिबकलं होतं, तिथं तिथं गवती चहा उगवला, असं म्हणतात.

अजून आमच्या गावात पाती कापताना चार बोटं सोडतात आणि म्हणतात, "हे येसूचं." सासरी निघालेल्या लेकीला मुळासकट एक कोंब देतात. पाटलाच्या घरच्यांनी मात्र गवती चहाला विळा लावायचा नाही. ठोंब दारी रुजवायचा, पाणी घालायचं, आणि पाती हवी झाली तर दुसऱ्याच्या दारी जाऊन मागायची.

मी त्याच घरातला. उभ्या जन्मात कुणापुढं हात पसरला नाही. गवती चहा तेवढा मागून पितो.