अस्वलाचा कान

“मग मी आणखी करायचं तरी काय, बाबा?”

चारुलता इंगोलेने पुन्हा तेच विचारलं. दामोदरबाबा मठाच्या ओसरीवर पाय धूत होते. अचलपुरात भर उन्हात भिक्षा मागून ते नुकतेच परतले होते.

चारुलताशेजारी तिची पाच वर्षांची जुई बसली होती. शाळा सुटून थेट आलेली, अंगात गणवेश. मांडीवर डबा. तो तिने दोन्ही हातांनी आडवा धरला होता, जराही न हलवता.

“डॉक्टर म्हणतात, दुखणं काहीच नाही. पण परवा प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. डबा रोज जसाच्या तसा परत येतो. आणि घरी आली की वरणभातावर तुटून पडते! शाळेतच काय होतं हिला? कुणाची नजर लागली असेल तर अंगारा द्या.”

बाबांनी पाय पुसले.

“डब्यात काय असते?”

चारुलताचा चेहरा खुलला. गावात तिचं नाव झालं होतं ते डब्यांमुळेच. पोरांना आवडेल आणि अंगीही लागेल असा डबा कसा भरावा, हे ती बायकांना शिकवायची. रोज सकाळी डब्याचा फोटो निघायचा आणि शाळेची घंटा व्हायच्या आत घरोघरच्या मोबाइलवर पोचायचा.

तिने जुईच्या मांडीवरच्या डब्याचं झाकण काढलं.

नाचणीच्या धिरड्याचं अस्वल. काळ्या मनुकांचे डोळे. भोवती गाजराची फुलं. बाजूला बिटाच्या इवल्या इवल्या पुऱ्या, आणि पालकाच्या पानात मुगाची उसळ.

“मैदा नाही, साखर नाही. पहाटे उठून करते, बाबा.”

बाबांनी डब्याकडे निरखून पाहिलं.

“छान आहे. वाढ.”

“अं?”

“भिक्षा वाढ, माय.”

चारुलता सुखावली. तिने डबा उचलून बाबांपुढे धरला. जुईचे हात मात्र तसेच राहिले, डब्याएवढी जागा सोडून, हवेत.

बाबांच्या पात्रात ज्वारीची भाकर होती, आंबट वरण होतं, कुणाच्या घरची वांग्याची भाजी होती. त्यांनी डबा घेतला, सरळ पात्रात उपडा केला... आणि पाचही बोटं घालून सगळं कालवलं.

“बाबा!”

मिळेल ते एकत्र कालवून खायचं, हा त्यांचा नेम साऱ्या गावाला ठाऊक होता. चारुलतालाही होता. पण डोळ्यांदेखत आपलं अस्वल वरणात बुडताना पाहून तिला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

ती पुढे काही बोलणार, तोच जुई किंचाळली.

“मी नाही मोडलं! आई, मी नाही मोडलं! बाबांनी मोडलं!”

पोरगी भिंतीला जाऊन चिकटली होती. दोन्ही हात पाठीमागे लपवलेले.

चारुलता तिच्याकडे बघतच राहिली.

बाबांनी हात थांबवला.

“काऊन गं बाई, शाळेत डबा उघडत नाहीस?”

“उघडते... बघते. मग लावते.”

“भूक नाही लागत?”

“लागते ना. मग पाणी पिते.”



“पाणी काऊन पितेस?” बाबांनी हळूच विचारलं.

“खाल्लं की मोडतं.” जुईने आईकडे चोरून पाहिलं. “मी एकदा अस्वलाचा कान खाल्ला होता. मग आई बोललीच नाही माझ्याशी... झोपेपर्यंत.”

कुठला कान? चारुलताला आधी काही आठवेना. मग आठवलं. दिवाळीआधीची सकाळ. शिकायला येणाऱ्या बायका दारात, फोटो काढायचा राहिलेला, आणि अस्वलाला एकच कान. तिने मुकाट्याने दुसरं धिरडं टाकलं होतं. दिवसभर कामाच्या नादातच होती...

त्या दिवशी आपण पोरीशी बोललो नव्हतो, हे तिला आत्ता कळत होतं.

बाबांनी पात्र जुईपुढे सरकवलं.

जुईने आईकडे पाहिलं. चारुलताला मान हलवायचंही सुचलं नाही.

पण वांग्याचा वास सुटला होता. जुई खाली बसली. एक बोट घातलं. चाटलं. मग अख्खा हात घातला आणि मग दुसराही. वरण कोपरापर्यंत ओघळलं, गालाला लागलं, गणवेशावर सांडलं. चारुलताने सवयीने पिशवीतून रुमाल काढला. तो तिच्या हातातच राहिला.

निम्मं पात्र संपल्यावर जुई थांबली. तिने मुठीत मावेल तेवढा काला उचलला आणि आईच्या तोंडापाशी नेला.

“आई... तू पण?”

मुठीतून चारुलताच्या साडीवर वरणाचे थेंब पडत होते. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते. सुटले असते तर हुंदकाच बाहेर पडला असता.

जुईला ते काय कळणार? तिने आईच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं. मूठ हळूहळू मागे जाऊ लागली...

“माय,” बाबा म्हणाले, “तोंड उघड.”