परक्या हाताची वेल

पाहुण्यांनो, दांड्यावर चढू नका, खालूनच बघा. हा वाळूचा उंच बांध किनाऱ्याला आडवा पसरला आहे ना, त्याला आमच्या कोंडुसरे गावात 'बायचो दांडो' म्हणतात. त्यावर आपट्यासारख्या दुभंग पानांची आणि जांभळ्या फुलांची जी वेल दिसते, ती मर्यादवेल. समुद्राने कुठवर यायचं ते ही वेल ठरवते, असं जुनी माणसं सांगतात. दांड्याच्या मागे माडांमध्ये आमची टिकमवाडी आहे.

मी भागोजी मेथर. हे घडलं तेव्हा मी रत्नागिरीकडे ट्रॉलरवर कामाला होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं असं मी म्हणणार नाही. माझ्या बायकोने आणि गोदाय टिकमने जे सांगितलं, तेच सांगतो.

बाय म्हणजे एक गोरी बाई होती, हॉलंड देशाची. नाव योहाना. आमच्या तोंडी त्याचं 'व्हाना' व्हायला लागलं, आणि वहाणेच्या नावाने हाक कशी मारायची, म्हणून सगळे नुसतं 'बाय' म्हणू लागले. घाटावरच्या एका मिशन इस्पितळात तिने उभा जन्म नर्स म्हणून काढला होता. मराठी बोलायची ती घाटावरचीच. तिच्या लहानपणी वादळात समुद्र बांध फोडून तिच्या गावात शिरला आणि तिचे आईवडील त्यात गेले, असं सांगतात. तरी तिचा समुद्रावरचा जीव उडाला नाही. निवृत्त झाल्यावर ती मायदेशी गेली नाही. एक छत्री आणि एक कापडी पिशवी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने निवांत वाळूच्या पुळणी शोधत चालत सुटली.

पण म्हणे तिच्या वाट्याला एक विलक्षण दुःख आलं होतं. जिथे तिचं मन रमे, तिथलं कौतुक ती भेटेल त्याला सांगे. दोन-चार पावसाळ्यांत तिथे आधी पर्यटकांच्या झोपड्या उठत, मग हॉटेलं, मग कर्णे वाजत, आणि मासे सुकवायची जागा गाड्या लावायला जाई. असे दोन किनारे तिच्या डोळ्यांदेखत गेले. आपल्या जिभेलाच शाप आहे, असं तिच्या मनाने घेतलं. चालत चालत ती कोंडुसऱ्यात आली, गोदायच्या अंगणात पाणी मागितलं, आणि तिथून पुढे गेलीच नाही. गोदायने तिला पडवी दिली. या पुळणीबद्दल मात्र तिने बाहेर कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

गावात बायच्या हातून कितीतरी पोरं जन्माला आली. कुणाच्या पायात माशाचा काटा मोडला, कुणाला ताप चढला, तर लोक आधी गोदायच्या पडवीत येत. बाय रोज संध्याकाळी दांड्यावर जाई आणि वाऱ्याने उघडी पडलेली वेलीची मुळं वाळूने झाकून येई.

तरीही कंपनी आलीच. कुणी काही न सांगता आली. मोठं हॉटेल बांधायचं ठरलं. टिकमवाडीतल्या निम्म्या लोकांनी जमिनी दिल्या, आणि त्यात पहिला होता गोदायचा मुलगा भिवा. त्याला तिथे मुकादमाचं काम मिळालं. हॉटेलच्या खोल्यांतून समुद्र दिसायला हवा होता, आणि मध्ये हा दांडा येत होता. दांडा सपाट करायचा हुकूम निघाला.

हे ऐकल्यावर बाय वेड्यासारखी दारोदार फिरली. दांडा गेला तर वाडी जाईल, म्हणून ज्याच्या त्याच्या हातापाया पडली. लोक खाली मान घालून ऐकत आणि आत जात. शेवटी ती भिवाच्या वाटेत उभी राहिली.

"भिवा, माझं गाव असंच गेलं रे. मी पाहिलंय. आईला तरी विचार."

भिवा काही वाईट माणूस नव्हता. पण सारखं तेच तेच ऐकून त्याचा तोल गेला. "बाय, तू परकी. तुका पेन्शन येता. हंय वाळू बघीत बसाक तुका बरा वाटता. आमच्या पोरांनी काय वाळू खावची?"

भिवा म्हणाला ते खरंच होतं, हे तिलाही कळत होतं. गोदाय सांगायची, त्या दिवशी बाय जेवली नाही. 'त्याचं बरोबर आहे गं,' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

माणसांनी ऐकलं नाही तेव्हा ती देवीकडे गेली. आमच्याकडे अडल्यानडल्याला सातेरीला गाऱ्हाणं घालतात आणि मग कळे लावतात. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरव अडखळला. परक्या माणसाने गाऱ्हाणं घातल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बाय म्हणाली, "मी आत येत नाही. पायरीखालूनच सांगते." आणि तिथूनच हात जोडून तिने म्हटलं, "आई, मला मागायला दुसरं काही नाही. ही वेल राहू दे. बदल्यात माझं जे काही असेल ते घे."

डावी पाकळी पडली.

गुरवाला इतकं वाईट वाटलं की त्याने पुन्हा लावू का म्हणून विचारलं. बायने नको म्हणून मान हलवली आणि छत्री उचलून निघाली. देवीनेही नाही म्हटल्यावर आता कुणाकडे जायचं, असं ती गोदायला म्हणाली.

मशीन आलं. दांडा खरवडून वाळू ट्रकांत भरली गेली, वेलीचे ढीग बाजूला पडले. बाय त्या ढिगांतून जिवंत फांद्या निवडायची आणि कामगार जेवायला बसले की मोकळ्या वाळूत रोवायची. जेवण उरकून माणसं आली की ते सगळं उपटलं जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिच्या बोटांची सालं निघाली. लोक हसेनासे झाले, कारण हसण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. कामावर विजापूरकडची शिवव्वा नावाची एक मजूर बाई होती, तेवढी एकटी बायला घागरीतलं पाणी वेलींवर ओतायला द्यायची. पुढे बायविरुद्ध सरकारात तक्रार गेली, आणि परक्या देशाच्या माणसाला इथे राहायचा जो परवाना लागतो, तो बायला आता मिळणार नाही असा निरोप आला. पावसाळ्याआधी तिला देश सोडायचा होता. ज्या देशात तिचं कुणीच उरलं नव्हतं, तिथे जायचं होतं.

ती जाणार त्याच आठवड्यात वैशाखाच्या अखेरीस वादळ उठलं.

दुपारीच आभाळ काळंठिक्कर झालं होतं. अमावास्येचं उधाण आणि वर वारा. दांडा असताना लाटा त्याला थडकून परत जात. आता त्या सरळ वाडीकडे बघत होत्या. बायने गोदायच्या घरातलं तांब्याचं ताट घेतलं आणि ते बडवत वाडीभर धावली. "देवळाकडे चला! काही घेऊ नका, चला!" जी तिच्या हातून जन्माला आली होती ती पोरं आधी निघाली, आणि पोरांमागून आया. लोक टेकाडावर देवळात पोचले तेव्हा खालच्या अंगणांतून पाणी फिरत होतं.

गोदायने माणसं पाहिली. भिवा नव्हता. कंपनीचं मशीन वाळूत रुतलं होतं आणि मुकादम म्हणून तो ते काढायला गेला होता. गोदाय खाली धावायला निघाली, तिला बायने धरून ठेवलं. "तू आई आहेस, तू इथे थांब," म्हणाली आणि स्वतः उतरली.

पुढचं भिवाने सांगितलेलं. तो मशीनला धरून उभा होता, पाणी छातीला लागलं होतं. बाय हॉटेलच्या नव्या भिंतीच्या आडोशाने आली आणि त्याचा दंड धरून त्याला ओढू लागली. तिने काय म्हटलं ते वाऱ्यात त्याला ऐकू आलं नाही. मग मोठी लाट आली. भिंत कलली, मशीन उलटलं. भिवा पाण्याखाली गेला तेव्हा त्याच्या मनगटाला काहीतरी गुंडाळलं गेलं, दोरखंडासारखं. लाट ओसरली तसा तो वाळूवर पालथा पडला होता आणि मनगटाला मर्यादवेल होती. बायने रोवलेल्यांपैकी एक फांदी कुणाच्या नजरेतून सुटली होती. वीतभर फांदी. पण म्हणे त्या घटकेत ती वाढत गेली, मुळं खोल उतरली आणि तिने एका जवान गड्याचा भार पेलला. मी मच्छीमार माणूस आहे, दोर किती ओझं घेतो ते मला कळतं. तरी भिवाच्या मनगटावरचा वळ मी पाहिला आहे. भिवा मरेपर्यंत तो गेला नाही.

बाय सापडली नाही. भिवा किनारा पालथा घालत फिरला, पार वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक बंदरात विचारून आला. टिकमवाडीची घरं पडली, होड्या फुटल्या, पण बाय सोडून गावातलं एकही माणूस गेलं नाही. हॉटेलची भिंत समुद्रात पडली. ओहोटीला तिचं टोक दिसतं, ते बघा तिकडे. कंपनी परत आली नाही.

खरी कसोटी पुढेच होती. दांडा नव्हता आणि पावसाळा तोंडावर आलेला. गावाने वेल लावायला घेतली. भिवाने लावली, करपली. गोदायने लावली, करपली. घरटी माणसं उतरली, पाणी घातलं, माडाच्या झापांचे आडोसे केले, पण एक फांदी रुजेना. उधाणागणिक समुद्र आत येत होता, आणि लोक देवळातच राहत होते. शेवटी भिवा देवीपुढे आडवा पडला. "आई, आमच्या हातात काय वाईट असा?" गुरवाने कळे लावले. उजवी पडेना, डावीही पडेना. दोन्ही पाकळ्या तशाच चिकटून राहिल्या.

गोदाय मागे उभी होती. ती म्हणाली, "आमच्या हातानी उपटली, ती आमच्या हातानी लागाची नाय. जिका परकी म्हणून बोललंस, तिच्यासारख्या कोणाक तरी हाक मार."

गावात परकं माणूस एकच उरलं होतं. कंपनी गेल्यावर शिवव्वाची मजुरी बुडाली होती आणि परत जायला तिच्याकडे काही नव्हतं. भिवाने तिला हात जोडले. तिला आमची बोली धड कळत नव्हती, पण काय हवं आहे ते कळलं. तिने बायच्याच त्या वाचलेल्या वेलीची फांदी खुडली आणि मोकळ्या वाळूत रोवली. तीन दिवसांत तिला पान फुटलं. मग गावाने तिच्या मागोमाग लावलेलं सगळं रुजलं, वेलीने वाळू धरली आणि वाळूचा दांडा झाला. शिवव्वा इथेच राहिली. तिचे नातू आज होड्या चालवतात.

आजही नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ सोडण्याआधी दांड्यावर मर्यादवेल लावतात, आणि पहिली फांदी परक्याच्या हाताने लागते. कधी नेपाळी खलाशी असतो, कधी वाट चुकलेला प्रवासी. भिवा होता तोवर त्याला मानाने बोलावून आणायचा आणि स्वतः लांब उभा राहायचा.

गेल्या वर्षी फार विचार पडला. उत्तरेकडच्या टोकाला तुम्ही लाल खुंट्या पाहिल्या असतील. पुन्हा एक कंपनी आली आहे आणि गावातल्या काहींनी पुन्हा सह्या दिल्या आहेत. त्या पौर्णिमेला गावात परका माणूस एकच होता, कंपनीचा मोजणीवाला. खूप वाद झाला. शेवटी आम्ही त्यालाच बोलावलं. त्याने बूट काढले, गोष्ट ऐकून घेतली, आणि गुडघे टेकून फांदी लावली. उठताना त्याने आमच्याकडे पाहिलं नाही.

फांदी रुजली आहे. खुंट्या अजून तिथेच आहेत.