बुडती नाडी

फार फार वर्षांपूर्वी, लहानथोरांनो, नदीकाठच्या एका गावात त्र्यंबक नावाचा वैद्य राहत होता. मनगटावर बोटं ठेवली की त्याला आजार कळायचा. म्हणून लोक दूरदूरहून त्याच्याकडे येत.

त्याला नरहरी नावाचा धाकटा भाऊ होता. एका पावसाळ्यात नरहरीला ताप भरला. त्र्यंबकानं जे जे येत होतं ते सगळं केलं, पण उतार पडला नाही. नरहरी गेला तेव्हा त्याचं मनगट त्र्यंबकाच्याच हातात होतं. नाडी बारीक होत गेली, बुडाली, ती पुन्हा लागली नाही.

सुतक फिटलं त्याच दिवशी दारात माणसं येऊन बसली. लोकांची दुखणी थोडीच थांबणार होती? त्र्यंबकानं डोळे पुसले आणि पहिल्या रोग्याचा हात हातात घेतला. गाडीवान होता तो, पोट बिघडलेला. पण त्र्यंबक दचकला. बोटांखाली तीच नाडी लागत होती, बारीक, बुडत चाललेली.

दुसऱ्याची पाहिली, तीही तशीच. तिसऱ्याचीही तशीच.

हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. साध्या खोकल्याला तो जालीम काढे देऊ लागला. बऱ्या झालेल्या माणसांनाही अंथरुणातून उठू देईना. जेवता जेवता ताट सारायचा आणि रोग्याच्या घरी धावायचा. लोक म्हणायचे, "भावाचं दुःख गिळून माणूस आपल्यासाठी किती झिजतो." ते ऐकलं की त्याला आणखीच भीती वाटायची.

अशातच कुंभाराची सून गोजरा आजारी पडली. ती ओली बाळंतीण होती आणि अंगात थोडी कणकण होती. त्र्यंबकानं तिचं खाणं बंद केलं, कोमट पाणी आणि काढा एवढंच ठेवलं. ताप उतरला.

गोजराची सासू म्हणाली, "वैद्यबुवा, अंग गार लागतंय आता. थोडी पेज देऊ का?"

"नको," तो घाईघाईनं म्हणाला. "नाडी बुडतेय. अजून थांबा."

तो रोज यायचा आणि रोज तेच सांगायचा. गोजराचं दूध आटलं. बाळ रडून रडून निपचित पडायचं. शेवटी गोजराला उठून बसताही येईना. आता नाडी खरंच बुडतेय की आपल्या बोटांना तसं वाटतंय, हे त्र्यंबकाला काही केल्या उमगेना.

सासूनं विचारलं, "माझी सून वाचेल ना?"

काळजी करू नका, असं तो म्हणणार होता, पण त्यानं गोजराचं मनगट अलगद खाली ठेवलं. तो म्हणाला, "मावशी, मला कळत नाही. नरहरी गेल्यापासून मला सगळ्यांचीच नाडी त्याच्यासारखी लागते."

म्हातारीचा चेहरा उतरला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"वैद्यच असं बोलायला लागला तर लोकांनी जायचं कुणाकडे?"

"दुसऱ्या वैद्याकडे गेले असते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण ती वाद घालत बसली नाही. तिनं मुलाला होडी घेऊन पलीकडच्या गावी पाठवलं. तिथं आवाबाई नावाच्या वयस्क वैद्यीण राहायच्या.

होडी परत येईपर्यंत त्र्यंबक उंबऱ्याशी बसून होता. आत बाळ कण्हत होतं. आपल्यामुळे आई आणि मूल दोघंही जाणार, हा विचार त्याच्या मनातून जाईना.

आवाबाई आल्या. त्यांनी गोजराची नाडी पाहिली, जीभ पाहिली. "पोर उपाशी आहे," त्या सासूला म्हणाल्या. "पातळ पेज करा आणि चमचा चमचा पाजा."

मग त्या त्र्यंबकाजवळ येऊन बसल्या. "तुझा भाऊ कसा होता रे?"

त्र्यंबक सांगू लागला. नरहरी कैऱ्या चोरायचा, पोहताना नदीच्या मध्यावर जाऊन हाका मारायचा. सांगता सांगता त्याला हुंदका फुटला आणि तो पोटभर रडला. आवाबाईंनी त्याला थांबवलं नाही.

गोजरा हळूहळू सावरली. पण तिचं दूध परत आलं नाही, बाळ शेळीच्या दुधावर वाढलं. त्या घरानं त्र्यंबकाला पुन्हा कधी बोलावलं नाही आणि त्यानंही त्याचा राग धरला नाही. तो रोज नदीपलीकडे जाऊ लागला. तो रोग्याची नाडी पाही, त्याच्यामागून आवाबाई पाहत. जिथं त्याला भय वाटे, तिथं तो तसं उघड सांगे. पुढचा पावसाळा सरता सरता दोघांचं निदान जुळू लागलं. नरहरीची आठवण मात्र सुटली नाही, आणि ती सुटावी असं त्र्यंबकालाही वाटलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्यांना बरं करणाऱ्यानं आपलं दुःख लपवून रोग्याला हात लावू नये, कारण ते वेळेवर कुणाला तरी सांगणं हाही उपचाराचाच भाग असतो.