लोळणीच्या वशाची कहाणी

ऐका खिंडीतल्या आई, तुमची कहाणी. बसा गं सगळ्या मांडी घालून. वाती वळत असाल तर वळा, ऐकायला कान लागतात, हात नाही.

आटपाट नगराच्या आतल्या गोष्टी पुष्कळ झाल्या, ही वेशीबाहेरची. वेशीबाहेरच्या माळावर एक मीठविक्या राही. त्याचं नाव बहिरू, बायकोचं नाव ठकू, आणि त्यांची एक गाढवीण होती, तिचं नाव भुरी. खाली मिठागरावर जावं, मीठ भरावं, मग घाट चढावा, मग गावोगाव मीठ विकावं, मग पुन्हा खाली उतरावं. जायला दहा दिवस, यायला दहा दिवस. घर म्हणजे वाटच. पण करावं एक, व्हावं भलतंच. भुरीच्या पाठीला जखम, ती काही भरेना. गोणी वाटेत कलंडायच्या, मीठ मातीत जायचं. आणि ठकूची कूस रिकामी.

एके दिवशी खिंडीत एक म्हातारी भेटली. तिनं ठकूला विचारलं, बाई, मुक्कामाला पोचलीस की आधी काय करतेस? ठकू म्हणाली, करायचं काय, हुश्श म्हणून बसते, पाणी पिते.

"आणि ही?" म्हातारी म्हणाली.

ठकूनं मागं पाहिलं. भुरी गोणींसकट उभी होती. ठकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं म्हातारीचे पाय धरले, उपाय विचारला. म्हातारी म्हणाली, उपाय म्हणजे लोळणीचा वसा, पण तुला कशाला सांगू? तू उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील. ठकू म्हणाली, उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही.

मग म्हातारीनं वसा सांगितला. मुक्कामाला पोचावं, आधी जनावराची पाठ मोकळी करावी. पाठीवरून हात फिरवावा. मग ते धुळीत लोळेल. एकदा लोळेल, दोनदा लोळेल, तीनदा लोळेल, उठून अंग झाडेल. तोवर आपण बसू नये, पाणी पिऊ नये, चूल पेटवू नये. गोणी काढली म्हणजे ओझं उतरलं असं नव्हे, जनावर लोळलं म्हणजे उतरलं. वसा संपूर्णाला काय करावं? हातावर गूळ धरून चारावा. आता हसाल, म्हणाल, गाढवाला गुळाची चव काय! म्हणणारीनं कधी हातावर गूळ धरून पाहिलाय का? नाही ना? मग गप बसावं.

ठकूनं मनोभावे वसा घेतला. पहिल्या वर्षी भुरीची जखम भरून आली. दुसऱ्या वर्षी सांडलवंड थांबली, चार पैसे गाठीला आले. तिसऱ्या वर्षी ठकूला लेक झाली. तिचं नाव चिमा ठेवलं. भुरीच्या एका बाजूला गोणी, दुसऱ्या बाजूला टोपली, टोपलीत चिमा. घाट चढताना चिमा भुरीचा कान धरून बसायची, आणि मुक्कामाला भुरी लोळली की आपणही शेजारी लोळायची. ठकू रागवायची, आणि रागावता रागावता हसायची.

मग दिवस पालटले. एकीच्या सात गाढवी झाल्या. एकदा घाटावरच्या मोठ्या बाजाराला सगळी गेली. बहिरू सहा गाढवी घेऊन पेठेत शिरला. ठकू, भुरी आणि टोपलीत झोपलेली चिमा वेशीपाशी थांबल्या. तिथं वडाखाली व्यापाऱ्यांच्या बायका ताक पीत बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "या हो शेठाणीबाई, बसा."

आजवर ठकूला कुणी अहो म्हटलं नव्हतं. तिनं गोणीच्या गाठीला हात घातला होता, तो काढून घेतला. मनात म्हणाली, लेकरू झोपलंय, कशाला उठवू? एवढा ताकाचा पेला होऊ दे. मग एक पेला झाला. मग दुसरा झाला. मग लुगड्यांच्या गोष्टी निघाल्या आणि तिसरा झाला. मग मागं वळून बघते, तो भुरी नाही, टोपली नाही, चिमा नाही.

ठकूनं ऊर बडवला. बहिरू धावत आला, तो पेठेकडं शोधायला गेला, ठकू खिंडीच्या वाटेला लागली. उन्हानं घसा कोरडा पडला. पुढं ओढा लागला, तिथं एक परटीण धुणं धूत होती. ती म्हणाली, आली होती हो भुरी गाढवीण. तहानेली होती, पण उतार पाहून पाण्याला तोंड लावलं नाही, खाली वाकली असती तर टोपली कलंडली असती. ठकू ओंजळ भरायला वाकली होती, तिनं हात मागं घेतला. तशीच पुढं गेली.

पुढं एक धनगर भेटला. तो म्हणाला, इथल्या फुफाट्यात तिनं दोनदा गुडघे टेकले. टेकले की टोपलीतलं पोर कुरकुरे, की ही उठे. थांबली की अंगाला खाज सुटायची, म्हणून बिचारी चालतच राहिली. धनगरानं पाण्याची तुंबडी पुढं केली. ठकू नको म्हणाली.

मग एक कुंभारीण भेटली. तिनं राखेचा ढीग दाखवला. राखेपाशी गाढव लोळलं नाही, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणाली. मी धरायला गेले तर लाथ झाडून पळाली, पोराला कुणाला हात लावू देईना. ठकू तिथंच रडली. रडली आणि चालली. रात्र गेली, दिवस उजाडला.

खिंडीत भुरी उभी होती. चारी पाय फाकलेले, थरथरत होते. टोपलीत चिमा शिदोरीची भाकरी कुरतडत बसली होती. ठकूनं लेकीला उचललं, मुके घेतले, कडेवर घेतलं. मग एका हातानं गाठी सोडल्या, पाठ मोकळी केली, पाठीवरून हात फिरवला. पण भुरी लोळेना. नुसती उभी.

"भुरे, लोळ गं बाई," ठकू म्हणाली. "चुकलं माझं. तू लोळल्याबिगर मी पाण्याचा थेंब घ्यायची नाही."

भुरीनं कान हलवला नाही. ठकूच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तेवढ्यात चिमा कडेवरून सरकली, धुळीत गेली आणि रोजच्यासारखी लोळायला लागली. भुरीनं तिच्याकडं पाहिलं. मग गुडघे टेकले. एकदा लोळली, दोनदा लोळली, तीनदा लोळली. उठून असं अंग झाडलं की मायलेकी धुळीनं माखल्या.

ठकू खाली बसली आणि तिनं भुरीचे पुढचे दोन्ही पाय धरले. वाटेनं चाललेले लोक हसले, म्हणाले, अडला हरी, गाढवाचे पाय धरी! पण ठकूचं आता काही अडलं नव्हतं. लेक जवळ होती, वाट उताराची होती. काही अडलं नसताना तिनं पाय धरले, आणि पुष्कळ वेळ सोडले नाहीत.

तिला जशी खिंडीतली आई पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. आपला भार जो वाहतो, त्याची पाठ आपल्या आधी मोकळी होवो. साठा उत्तरांची गोणी पाचा उत्तरांत उतरवली, कहाणी सुफळ झाली.