हातसोंडेची बारावी खोबणी

आत्ता जो कातळ तुम्ही चढून आलात, त्याच्यात खोबण्या अकराच आहेत. खालून मोजा नाहीतर वरून मोजा, अकरा. बारावी जिथे असायला हवी तिथे टाकीच्या दोन खुणांपलीकडे दगड कोराच आहे. अकरावीवर उभं राहून उंचातल्या उंच माणसाने हात वर केला, तरी त्याची बोटं काठाच्या वीतभर खाली राहतात. तुमच्यातल्या लांबट साहेबांनी करून पाहिलंच की. शेवटी माझंच मनगट धरून वर आले, मला आधी वरच्या गावच्या गुराख्याने घेतलं तसेच.

या डोंगराला हातसोंड म्हणतात. तुमच्या नकाशात वेगळं नाव असेल, पण नकाशा काढणारा काही इथे चढला नव्हता. पहाटे चिंचतळातून निघाल्यापासून तुम्ही हिच्याच पाठीवरून चालताय. आधी गवताची धार, मग तो मुरमाड घसारा, मग दोन्हीकडे दरी असलेली अरुंद वाट, आणि सगळ्यांत शेवटी हा कातळ. हा चढला की वरसोंडी अर्ध्या तासावर. ती काही पळून जात नाही, तेव्हा बसा.

देवस्थळी साहेब अजून खाली कातळाच्या पायथ्याशी बसलेत. दम लागलाय म्हणतात. दम लागलाय की राग आलाय, ते मी विचारलं नाही. सकाळी झऱ्यापाशी वाट चुकली त्यावरून तुमचं दोघांचं, टोपीवाले साहेब, जे वाजलं ते मी ऐकलं. तेव्हापासून तुम्ही सगळ्यांच्या पुढे आणि ते सगळ्यांच्या मागे. असू द्या. ते उठेपर्यंत या खोबण्यांची गोष्ट सांगतो. ती इथे, या काठावर बसूनच सांगायची असते.

किती जुनी ते विचारू नका. माझ्या आज्याच्या आज्यालाही ती ऐकीवच होती म्हणतात. त्या काळी हा कातळ नुसता उभा होता. खालच्या चिंचतळातून वरच्या वरसोंडीला यायचं तर घाटाने वळसा घालून दोन दिवस लागत. तरी दोन्ही गावांत सोयरीक होत असे. वरच्यांना खालचं मीठ लागायचं, खालच्यांना वरची नाचणी, आणि मीठ-नाचणीच्या मागून पोरी जायच्या-यायच्या.

चिंचतळात जावजी म्हणून एक जण होता. दळायची जाती आणि पाटे घडवायचा. त्याच्या टाकीचा घाव असा नेमका बसायचा, की त्याने टाकवलेल्या जात्याचं पीठ बायका न चाळताच मळत, असं सांगतात. त्याला धाकटी बहीण, सगुणा. बाप नव्हता, आई होती ठकूबाई. सगुणेचं लग्न ठरलं वरसोंडीच्या हैबतीशी. माणूस कष्टाळू आणि शब्दाचा पक्का. या गोष्टीत शब्दाचा पक्का असण्यानेच घात केला, म्हणून ते आधी सांगून ठेवतो.

लग्नात नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. गंमत असते ती. भाऊ कान धरतो, माझ्या बहिणीला नीट नांदव म्हणतो, नवरा त्याला पागोटं देतो, लोक हसतात. जावजीनेही गमतीनेच धरला. पण रोज दगड फोडणारा हात तो. त्यात हैबतीच्या कानात बाळी होती. बाळी ओढली गेली, पाळी फाटली, आणि रक्त मुंडावळ्यांवर सांडलं. मांडवात कोणीतरी हसून म्हणालं, "जावजीला कान न्हवं, जात्याचा खुंटाच गावला!" सगळा मांडव हसला.

तेवढं हसू नसतं आलं, तर गोष्ट तिथेच मिटली असती. हैबती ताडकन उठला, देवापुढचा बेलभंडारा उचलला आणि म्हणाला, "ज्या हातानं माझं रगत काढलं, त्या हाताला माझा हात पुन्यांदा लागायचा न्हाई."

जावजी माफी मागायलाच पुढे झाला होता म्हणे. पण चारचौघांत असं ऐकल्यावर तोही पेटला. त्यानेही भंडारा उचलला. "आन माझा हात तुमच्याकडं कदी मागाया यायचा न्हाई, दाजी. जीव गेला तरी न्हाई."

दोघेही शहाणे आणि दोघेही चांगले. मूर्खांची भांडणं संध्याकाळी मिटतात.

सगुणा सासरी गेली. वर्ष गेलं, दुसरं लागलं. सणाला मुलीला माहेरी न्यायला भावाने जायचं असतं, त्याला मुराळी म्हणतात. मुराळ्याने सासरच्या दारात उभं राहून, आमची पोर चार दिवस धाडा, असं मागायचं असतं. जावजी मागणार कसा? त्याने तर शपथ घेतलेली. आणि मुराळी आला नाही, तर त्या काळच्या पोरीला माहेर मेल्यासारखंच. नागपंचमी गेली, दिवाळी गेली. सगुणा इथे, या काठावर सरपणाला यायची आणि खाली चिंचतळाचा धूर बघत बसायची.

तेव्हा जावजीने दुसरी वाट धरली. खाली सोंडाईचं ठाणं आहे, सकाळी तुम्ही तिथे नारळ फोडलात. तिच्यापुढे त्याने नवस केला, की या कातळात बारा खोबण्या खोदीन. माझी बहीण कोणाला न विचारता, कोणाचा हात न धरता, आपल्या पायांनी माहेरी येईल. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. त्याने मान वर केली नाही. दिवाळी झाली की सुरुवात, पावसाळ्यात थांबायचं, दसऱ्यानंतर पुन्हा. कातळाच्या भेगेत लोखंडी मेख ठोकायची, कमरेचा दोर तिला बांधायचा आणि टाकी चालवायची.

सगुणेला वर आवाज यायचा. तिने एकदा दगडावर दगड आपटला, दोनदा. खालून टाकी थांबली आणि दोनदा वाजली. त्यानंतर बहीण-भावाचं बोलणं एवढंच. ती दोनदा वाजवायची, तो दोनदा वाजवायचा. मग ती सरपण घेऊन घरी जायची. हैबतीला हे माहीत होतं. तो कधी तिला अडवायला आला नाही आणि कधी ऐकायलाही आला नाही.

दुसऱ्या वर्षी सगुणेला दिवस गेले. पहिलटकरणीचं बाळंतपण माहेरी व्हायचं. कार्तिक संपत आला तेव्हा तिला सातवा लागला होता आणि खाली अकरावी खोबणी झाली होती. मीठवाल्याच्या तोंडी जावजीने निरोप धाडला, 'अमावास्येच्या सकाळी काठावर ये. शेवटची तुझ्यासमोर पुरी करतो. मग मी खाली राहून तुझा एकेक पाय खोबणीत ठेवीन आणि तुला घेऊन जाईन.'

त्या सकाळी ती निघाली, तेव्हा हैबतीही निघाला. गरोदर बायकोला एकटी कशी धाडायची? काठापर्यंत सोबत करतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा, असं म्हणाला म्हणे. कातळावर दव होतं, जागोजागी ओलं शेवाळ होतं. सगुणेने दगड दोनदा वाजवला. खालून टाकी दोनदा वाजली आणि पाठोपाठ हाक आली, "सगू!"

दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने हाक मारली होती. ती काठाशी आली. तिला खाली त्याचं पागोटं दिसलं, त्याला तिचा नुसता पदर दिसला. तिथे त्याची चूक झाली. वरचा दगड कठीण निघाला, अंदाज चुकला, आणि बाराव्या खोबणीला जेमतेम दोन घाव बसले होते. ती पुरी करायला अजून आठवडा लागला असता. पण माणसाला राहवलं नाही. तोंड बघून खाली येतो, असं मनाशी म्हणाला असेल. दोर वरपर्यंत पुरेना, म्हणून त्याने कमरेची गाठ सोडली, अकरावीवर पाय दाबला आणि काठाकडे उडी घेतली.

बोटं काठाला लागली, चारच. पाय सुटले. शेवाळावर ती चार बोटं सरकायला लागली.

सगुणा खाली वाकली, पण सातव्या महिन्याचं पोट. तिला पालथं झोपता येईना. ती गुडघ्यांवर बसून नवऱ्याला म्हणाली, "अवो, तुमी झोपा! मला झोपता येत न्हाई, तुमी झोपा!"

हैबती झोपला. या इथे, मी बसलोय त्या जागी. खाली जावजीचं तोंड, त्याच्यापासून हातभर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जावजीला शपथ होती, त्याने मागितलं नाही. हैबतीने हात उचलला आणि तो हवेत थांबला. त्यालाही शपथ होती. किती वेळ थांबला? जात्याचा एक फेरा व्हायला लागतो तेवढा. मग शपथ, भंडारा, फाटलेला कान सगळं बाजूला सारून त्याने हात खाली घातला. तिथे बोटं नव्हती.

एवढं सांगितलं की मला दर वेळी थांबावं लागतं. पाणी द्या जरा.

हैबती काठावरून लोंबकळून अकरावी खोबणीवर उतरला. जावजीच्याच खोबण्यांनी तो खाली पोचला. मेव्हण्याला खांद्यावर घेऊन चिंचतळात आला. लग्नानंतर त्या गावात त्याचं हे पहिलं पाऊल. वर काय झालं ते खाली कोणी पाहिलं नव्हतं. पाय घसरला म्हणाला असता, तरी सगळ्यांनी मानलं असतं. त्याने जावजीला आईच्या ओसरीवर ठेवलं आणि म्हणाला, "मामी, माझा हात उशिरा गेला."

ठकूबाई लेकाच्या हाताकडे बघत राहिली. म्हणाली, "गेला न्हवं खाली? मंग आता त्यो वर घेऊ नगंस."

 हैबतीला तेवढं कळलं.

सगुणेला मग घाटाच्या वाटेने आणलं. ती माहेरीच बाळंत झाली, मुलगा झाला. सुतक फिटल्यावर गावकरी म्हणाले, एकच खोबणी राहिलीय, जावजीच्या नावाने आम्ही ती पुरी करतो. सगुणेने त्यांना अडवलं. म्हणाली, "दादानं वाट केली ती कुनाचा हात धरावा लागू नये म्हून. अन् त्यो गेला हातावाचून. ती खोबणी तशीच ऱ्हाऊ द्या. तितं मानसाचाच हात लागंल."

हैबती परत आला तो या काठावर. शेतीचं काम उरकायचा आणि इथे पालथा पडून राहायचा, हात खाली सोडून. कोणी येवो न येवो. येणारा मीठवाला असो, चोर असो, आदल्या दिवशी बांधावरून भांडलेला असो, हात आधीच खाली असायचा. सगुणेने त्याला माफ केलं की नाही, ते गोष्टीत येत नाही. मी आज्याला विचारलं होतं. तो म्हणाला, दुपारची भाकरी इथे तीच घेऊन यायची, आणि तो खात असला की काठावर ती बसायची. मला तेवढं पुरतं.

आजही आमच्या दोन्ही गावांत लग्नात कान पिळत नाहीत. नवरीचा भाऊ ओट्यावर पालथा पडून हात खाली सोडतो आणि नवरा त्याचं मनगट धरून मांडवात चढतो. बाहेरची पाहुणेमंडळी बघून हसतात. आम्ही हसत नाही. कातळाला लोखंडी शिडी लावून देतो म्हणून माणसं येऊन गेली, त्यांना आम्ही चहा पाजला आणि परत धाडलं. तुम्ही दोर आणलाय, तो जरूर लावा. जावजीने तो सोडला नसता तर ही गोष्टच झाली नसती. पण शेवटची वीत माणसाच्या हाताने चढायची, आणि त्याला नियम दोनच. खालच्याने मागायचं नाही. वरच्याने वाट बघायची नाही.

ही जागा बघा, छातीएवढी गुळगुळीत झालीय. आणि हे माझे कान बघा. आमच्याकडे बारशाला सगळ्या मुलांचे कान टोचतात, माझे कोरे आहेत. माझ्या बापाचे कोरे होते, आज्याचेही. मला तुम्ही सकाळपासून नुसतं गेनूबाबा म्हणताय, आडनाव कोणी विचारलं नाही. मी गभाले. हैबती गभाल्याच्या वंशातला. तो उशीर आमच्या घरातला आहे, म्हणून बाहेरच्यांना ही गोष्ट आम्हीच सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगू देत नाही.

ऐकू येतंय का? बुटांचा आवाज आहे. देवस्थळी साहेब उठले. नववीवर असतील, आता दहावीवर आले.

मी नाही उठत. सगळ्यांना मीच हात द्यायचा असा काही नेम नाही. वर जो आधी आला त्याने मागच्याला द्यायचा, आणि आज तुम्ही सगळ्यांच्या आधी आलात. या टोपीवाले साहेब, टोपी काढून ठेवा, या जागेवर पालथे झोपा. आम्ही तुमचे पाय धरतो.

हात सोडा खाली. अजून खाली. त्यांनी वर बघायच्या आधी.