पेटीवर बांधलेलं गाणं

त्या दिवशी थंडी अशी कडक होती, की पितळी वाद्यं हातात धरवत नव्हती. अशा सकाळी एका गावात एक वृद्ध बँडमास्तर आपल्या पाच वादकांना घेऊन तालमीला बसले होते. त्यांच्या शिष्याने नवी रचना बांधून आणली होती. आधी मारव्याची आलापी, आणि मग लोकांच्या तोंडी असलेली एक लावणी. सारी चाल दस्तगीरचाचांच्या ट्रम्पेटला. बाकी चौघांनी मागे नुसता सूर धरायचा.

मास्तरांनी कागद पाहिला, कात्री मागितली आणि ट्रम्पेटच्या ओळींचे तुकडे करून पाचही जणांत वाटून टाकले.

"चला, चाळीस वर्षं नुसतं भों भों केलं, आज गाणं आलं वाट्याला!" सर्वांत मोठ्या भोंग्याचा वादक हसला.

चाचा मात्र दुखावले. "मास्तर, मला म्हातारा ठरवलंत काय?"

"चाचा, चार पायऱ्या चढताना तुम्ही दोनदा थांबलात. मी बघतोय."

शिष्य रागावला. "पण गुरुजी, अखंड चालीचं सौंदर्यच गेलं की!"

मास्तर सावकाश म्हणाले, "बाळा, तू हे पेटीवर बसून बांधलंस. पेटीचा भाता हाताने चालतो, तिला धाप लागत नाही. इथे भाता म्हणजे माणसाची छाती. ती किती भरते हे आधी पाहावं, मग मात्रा लिहाव्यात. चाल पाच जणांत फिरली तर ऐकणाऱ्याचं काही जात नाही. एकाच्याच छातीवर राहिली, तर त्याचं सगळं जातं."

शिष्याने मान हलवली. पण पटलं नव्हतं. कार्यक्रमाच्या दिवशी मास्तर तापाने अंथरुणात होते. शिष्याने आपली मूळ रचना पुन्हा लिहून काढली आणि चाचांपुढे ठेवली. चाचांनी ती पाहिली, खुशीत हसले, आणि कुठेही न थांबता शेवटापर्यंत वाजवली. लोक उठून टाळ्या वाजवत होते. चाचा खाली बसले ते बसलेच. त्यांनी तोंडाला रुमाल लावला, तो लाल झाला.

डॉक्टरांनी सांगितलं, आता फुंकणं कायमचं बंद.

आठवड्याने शिष्य क्षमा मागायला त्यांच्या घरी गेला. दार लोटलेलं होतं. शेजारच्या सोजरबाई ओट्यावरून हळूच म्हणाल्या, "आवाज करू नका दादा, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. आडवं होता येत नाही, दम कोंडतो. भिंतीला टेकून बसूनच झोपतात. तुमचं गाणं मात्र फार छान झालं म्हणे."