शेवरीवरची पिसं

विश्वास ठेवायचा तर कुणावर, सांगा मंडळी? गर्दी जमते त्याच्यावर?

फार पूर्वी एक मोर म्हणे नुसत्या पिसाऱ्याच्या वाऱ्यानं दुखणी पळवी. बरा झालेला पक्षी त्याच्या दारच्या शेवरीच्या झाडावर आपलं एक पीस खोवून जाई. शेवरी पिसांनी गच्च भरलेली. ती पाहून टिटवी आपलं तापानं फणफणलेलं, एकुलतं पिल्लू घेऊन रांगेत उभी राहिली.

तेवढ्यात शंकेखोर साळुंकीनं मोराच्या पट्टशिष्याला, पोपटाला, विचारलं, "पोपटराव, बरे न झालेल्यांची पिसं कुठं लावता?"

"काय वेडगळ प्रश्न, साळूबाई! मेलेला पीस खोवायला येईल कसा?"

सगळे भक्त खो खो हसले. टिटवी मात्र पिल्लाला पंखाखाली घेऊन माघारी फिरली.

मंडळी, हिशेब मांडाल तेव्हा न परतलेलेही धरा, एवढीच विनंती.